इम्प्लांट टिकलं, पण माणसाचं काय?

दात पडला किंवा काढावा लागला आणि इम्प्लांटची चौकशी केली, की एक आकडा हमखास कानावर येतो: १० वर्षांनंतरही १०० पैकी ९५ च्या आसपास इम्प्लांट जागेवर असतात. आकडा खोटा नाही. पण तो हाडात बसवलेल्या स्क्रूचा हिशेब आहे. तो स्क्रू तोंडात वागवणारा माणूस नीट चावतो का, मोकळेपणी हसतो का, एवढा खर्च आणि त्रास सोसल्याचं त्याला चीज झालंसं वाटतं का, याचं उत्तर त्या आकड्यात सापडत नाही. उपचार घेणाऱ्याला तर नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

इम्प्लांटचे ढोबळमानानं तीन भाग असतात. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे दाताचं मूळ. त्यावर हिरडीतून वर येणारा जोड, त्याला अ‍ॅबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दिसणारा दात, म्हणजे कॅप. एकच दात नसेल तर एक कॅप, ओळीनं काही दात नसतील तर ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दातांची ओळ, आणि तोंडात एकही दात उरला नसेल तर इम्प्लांटवर अडकणारी, काढता-घालता येणारी कवळी किंवा पक्की बसवलेली पूर्ण दंतपंक्ती. या सगळ्याला आपण सरसकट ‘इम्प्लांट’ म्हणतो. समाधानाचा विचार करताना मात्र हे चार वेगळे उपचार धरले पाहिजेत, कारण प्रत्येकात मिळणारं सुख वेगळं आणि होणारी तक्रारही वेगळी.

या उपचाराचा पाया एका योगायोगानं घातला गेला. स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रॉनेमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं काम झाल्यावर काढायला गेले, तर ती निघेनात. हाडानं धातूला घट्ट धरलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. जन्मतः जबड्यात दोष असलेल्या त्या माणसाची इम्प्लांट ४० वर्षांपेक्षा जास्त काळ, त्याच्या मृत्यूपर्यंत, काम देत राहिली.

पुढे या उपचाराचं यश कसं मोजायचं याचे निकष ठरले. १९८६ मध्ये मांडलेले निकष आजही पुष्कळदा वापरले जातात: इम्प्लांट हलता कामा नये, एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती काळी सावली दिसता कामा नये, पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी, आणि सतत दुखणं, जंतुसंसर्ग किंवा बधिरपणा नसावा. निकष चांगलेच आहेत. पण यातले बहुतेक डॉक्टरनं तपासायचे आहेत. दिसणं रुग्णाला आणि दंतवैद्याला दोघांनाही पटलं पाहिजे, ही अट १९८९ मध्ये आलेल्या निकषांमध्ये आली. चावताना कसं वाटतं, चारचौघांत बसून जेवायला संकोच वाटतो का, हे प्रश्न हळूहळू संशोधनात शिरले.

समाधान मोजायचं तरी कसं?

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे कागदावर १०० मिलिमीटरची एक आडवी रेघ. एका टोकाला ‘अजिबात समाधानी नाही’, दुसऱ्या टोकाला ‘पूर्ण समाधानी’. रुग्णानं त्या रेघेवर खूण करायची. हीच रेघ चावणं, बोलणं, दिसणं, स्वच्छता अशा प्रत्येक बाबीसाठी वेगळी देता येते आणि द्यावीच, कारण एकाच माणसाची खूण चावण्याच्या रेघेवर शेवटाला आणि स्वच्छतेच्या रेघेवर मध्यावर पडू शकते.

दुसरी पद्धत प्रश्नावलीची. तोंडाच्या तक्रारींचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे विचारणारी ४९ प्रश्नांची एक प्रश्नावली १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झाली. १९९७ मध्ये तिचं १४ प्रश्नांचं छोटं रूप आलं आणि ते जगभर रुळलं. उच्चार नीट होत नाहीत का, खाताना अवघडल्यासारखं होतं का, दातांमुळे मनाला ताण येतो का, माणसांशी वागताना चिडचिड होते का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ० ते ५६. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. उपचाराआधी आणि नंतर ही प्रश्नावली भरून घेतली की फरक कळतो.

यात एक मेख आहे आणि ती लक्षात न घेतल्यानं बरीच गफलत होते. ज्याच्या तोंडात एकही दात नाही, त्याचे गुण सुरुवातीलाच खूप असतात. उपचारानंतर ते धाडकन खाली येतात. ज्याची मागची एकच दाढ गेली आहे, त्याचे गुण आधीपासूनच कमी. त्यात सुधारणेला जागाच थोडी. म्हणून आकड्यांत फारसा बदल दिसला नाही तर उपचार वाया गेला असं म्हणता येत नाही, आणि मोठा बदल दिसला तर तो प्रत्येकाच्या वाट्याला येईल असंही नाही.

दुसरी अडचण माणसाच्या मनाची आहे. महिनोन्‌महिने उपचार घेतलेले, मोठी रक्कम मोजलेली, डॉक्टरांनी आपुलकीनं वागवलेलं. अशा माणसाला त्याच दवाखान्यात बसवून ‘समाधानी आहात का?’ असं विचारलं तर तो काय सांगेल? नाराज झालेले रुग्ण तर बऱ्याचदा पुन्हा तिथे फिरकतच नाहीत, त्यामुळे त्यांची उत्तरं मोजणीत येत नाहीत. ‘आमचे ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण समाधानी’ असं वाचलं तर हे मनात ठेवावं. दीर्घकालीन अभ्यासांतही समाधानाचं प्रमाण असंच उंच सापडतं, आणि त्यात खूप तथ्य आहे. हा उपचार खरोखर बहुतेकांना आवडतो. पण कोणाला विचारलं, कुठे विचारलं आणि किती वर्षांनी विचारलं, हे माहीत असल्याखेरीज त्या टक्क्यावरून आपल्या स्वतःच्या तोंडाबद्दल निष्कर्ष काढू नये.

सगळ्यात मोठा फरक कोणाला पडतो

माझ्या मते इम्प्लांटनं सगळ्यात जास्त भलं कोणाचं केलं असेल, तर खालची पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचं. वरची कवळी टाळूवर पसरते, लाळेच्या पातळ थराच्या मदतीनं चिकटते आणि बऱ्यापैकी जागेवर राहते. खालच्या कवळीला असा आधार नाही. तिचा आकार घोड्याच्या नालासारखा, टेकायला जागा अरुंद, मध्ये सतत हलणारी जीभ. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड थांबत नाही, झिजतच राहतं. आणि खालच्या जबड्याची ही झीज वरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. आठ-दहा वर्षांत ज्या उंचवट्यावर कवळी बसायची तो उंचवटाच सपाट होतो. मग बोलताना कवळी उचलली जाते, खाताना तिच्याखाली कण जातात आणि टोचतात, शिंक आली की हात तोंडावर जातो. माणूस हळूहळू मऊ पदार्थांवर येतो आणि नंतर पंगत टाळायला लागतो.

अशा माणसाच्या खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवली आणि त्यावर कवळी टिचकन अडकेल अशी सोय केली, तरी चित्र पालटतं. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमतानं म्हटलं, की खालच्या दंतहीन जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, साधी कवळी नव्हे. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क इथल्या निवेदनानं त्याला दुजोरा दिला. या शिफारशीमागे रुग्णांच्या समाधानाचा पुरावा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्क्रू किती वर्षं टिकतो यापेक्षा माणूस कसा जगतो, याला इथे वजन मिळालं.

वरच्या जबड्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे नीट बनवलेली साधी कवळीही बऱ्याच जणांना पुरेशी सुखाची वाटते, आणि इम्प्लांटनं समाधानात पडणारी भर खालच्याइतकी ठळक दिसत नाही. हे रुग्णाला स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. दोन्ही जबड्यांत एकदमच इम्प्लांट घ्यायची सक्ती नाही. वर साधी कवळी आणि खाली दोन इम्प्लांट हा अतिशय समंजस मार्ग आहे.

पक्के दात नेहमी काढत्या-घालत्या कवळीपेक्षा जास्त समाधान देतात, हाही समज तपासून पाहण्यासारखा आहे. कॅनडात एका अभ्यासात त्याच रुग्णांना दोन्ही प्रकार आळीपाळीनं वापरायला दिले आणि शेवटी कोणता ठेवायचा ते त्यांनाच ठरवायला सांगितलं. जवळपास निम्म्यांनी पक्के दात निवडले, त्यांना घट्टपणा आणि चावण्यातली ताकद हवी होती. उरलेल्या जवळपास निम्म्यांनी काढता येणारी कवळी निवडली, कारण ती हातात घेऊन स्वच्छ धुता येते. जास्त महाग आणि जास्त गुंतागुंतीचा उपचार म्हणजे जास्त समाधान, असं समीकरण यातून निघत नाही. त्याच देशात आणखी एका अभ्यासात ज्येष्ठ मंडळींना इम्प्लांट फुकट देऊ केली, तरी एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नको म्हटलं. शस्त्रक्रियेची भीती हे त्यातलं मोठं कारण. ‘नको’ म्हणणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्या लेखी असलेल्या कवळीचा त्रास शस्त्रक्रियेच्या धास्तीपेक्षा कमी असतो, एवढाच त्याचा अर्थ.

एका दाताचं इम्प्लांट: वेगळं वाटणारच

आता एकाच दाताकडे येऊ, कारण अनेकांचा प्रश्न तेवढाच असतो. शेजारचे दात न घासता, म्हणजे त्यांना धक्का न लावता रिकामी जागा भरून निघते, हा इम्प्लांटचा मोठा फायदा. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ‘तिथे इम्प्लांट आहे हे विसरूनच गेलो’ असं म्हणतात. तरीही तो अगदी आपल्या दातासारखा वाटत नाही आणि त्याचं कारण शरीररचनेत आहे.

नैसर्गिक दात हाडाला थेट जोडलेला नसतो. दोहोंमध्ये धाग्यांचा एक अगदी पातळ थर असतो, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतका. चावताना दात त्या थरात किंचित दबतो, आणि त्या थरातल्या मज्जातंतूंमुळे आपल्याला कळतं की दाताखाली काय आलं, किती जोर लावायचा, खडा लागला तर कधी थांबायचं. इम्प्लांटभोवती हा थर नसतो. ते हाडात भिंतीतल्या खुंटीसारखं रोवलेलं असतं. खऱ्या दातांमध्ये २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची जाडीही जाणवते. इम्प्लांटला ती जाणवायला साधारण ५० मायक्रॉन लागतात. हाड आणि आजूबाजूचे स्नायू यांच्या मदतीनं मेंदू हळूहळू जुळवून घेतो, पण जुनी संवेदना जशीच्या तशी परत येत नाही.

याचे परिणाम रोजच्या वापरात दिसतात. कॅप जरा उंच राहिली तरी रुग्णाला ते लगेच उमगत नाही. म्हणून डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन पुन्हा पुन्हा तपासतात, आणि ती तपासणी कंटाळा न करता होऊ द्यावी. रात्री दात खाण्याची सवय असेल तर कॅपचा टवका उडणं, वरचा भाग इम्प्लांटला धरून ठेवणारा आतला बारीक स्क्रू सैल होणं असे प्रकार घडतात. ते दुरुस्त होतात, पण ‘एकदा बसवलं की काम संपलं’ असं मनात धरलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला फसवल्यासारखं वाटायला लागतं.

अन्न अडकण्याची तक्रार तर सर्वांत जास्त ऐकू येते, आणि आधी सांगितलं न जाण्याचं प्रमाणही हिचंच जास्त. एक कारण आकाराचं: दाढेच्या जागी बसवलेला स्क्रू दाढेच्या मुळांपेक्षा बराच बारीक असतो, आणि वरची कॅप मात्र दाढेइतकी रुंद. त्यामुळे हिरडीजवळ खाचा राहतात आणि तिथे कण साचतात. दुसरं कारण काळाचं. आपले नैसर्गिक दात आयुष्यभर अगदी थोडे थोडे पुढे सरकत असतात, इम्प्लांट मात्र जागचं हलत नाही. काही वर्षांनी इम्प्लांट आणि त्याच्या पुढचा दात यांच्यामध्ये फट पडते, जी सुरुवातीला नव्हती. यात इम्प्लांट बिघडलं असं काही नसतं. कॅपला बाजूनं भर घालून किंवा कॅप बदलून ही फट बुजवता येते. पण प्रत्येक जेवणानंतर त्याच जागी काहीतरी अडकत असेल तर एक्स-रे कितीही सुंदर दिसो, त्या माणसाला तो दात खुपतच राहणार.

दात सरकण्याच्या याच नियमामुळे वाढत्या वयातल्या मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा आणि शेजारचे दात वाढत राहतात, इम्प्लांट तिथेच राहतं आणि दात आखूड दिसायला लागतो.

पुढच्या दातात समाधानाचा सगळा भार दिसण्यावर येतो. तिथे दाताचा रंग जुळवणं त्या मानानं सोपं, अवघड असते ती हिरडी. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. हाड बसलं की हिरडीही खाली जाते. दोन दातांमधला हिरडीचा टोकदार त्रिकोण नाहीसा झाला तर तिथे काळी पोकळी दिसते. हिरडी पातळ असेल तर आतल्या धातूची करडी छटा बाहेर जाणवते. हे सगळं मोजण्यासाठी दंतवैद्यांनी २००५ मध्ये हिरडीच्या सौंदर्याची एक गुणपद्धती तयार केली, सात बाबींना प्रत्येकी दोनपर्यंत गुण, एकूण १४. अनेक अभ्यासांत असं आढळलं, की त्याच दाताला दंतवैद्य रुग्णापेक्षा कडक गुण देतात. जो फरक तज्ज्ञाच्या डोळ्यात सलतो, तो पुष्कळ रुग्णांच्या ध्यानातही येत नाही.

पण यावरून रुग्णांना दिसण्याचं काही नसतं असं समजणं चुकीचं. हसताना ज्यांची हिरडी दिसते त्यांना अर्धा मिलिमीटरही दिसतो. अशा वेळी अंतिम कॅपच्या आधी काही आठवडे किंवा महिने तात्पुरती कॅप वापरणं फार उपयोगी पडतं. हिरडीला आकार मिळतो आणि रुग्णाला आरशात, फोटोत, घरच्यांसमोर तो दात पाहून आपलं मत बनवायला वेळ मिळतो. अंतिम कॅप बसल्यावर ‘मला हे असं नको होतं’ म्हणायची वेळ त्यामुळे टळते.

भीती, वाट पाहणं आणि मधले महिने

शस्त्रक्रियेच्या दुखण्याबद्दल बहुतेकांची आधीची धास्ती प्रत्यक्ष अनुभवापेक्षा मोठी निघते. जागा बधिर केलेली असते; ड्रिलची थरथर आणि दाब जाणवतो, कळ सहसा येत नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. हे आधी माहीत असेल तर तिसऱ्या दिवशी गाल फुगलेला पाहून माणूस घाबरत नाही; माहीत नसेल तर तीच सूज त्याच्या मनात ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून बसते.

खरी परीक्षा मधल्या काळाची असते. हाडानं इम्प्लांट धरायला जुन्या पद्धतीनुसार खालच्या जबड्यात साधारण तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबत असत. आता हा काळ पुष्कळ ठिकाणी कमी झाला आहे, काही निवडक रुग्णांना लगेच तात्पुरता दातही देता येतो. पण हाड कमी असेल, भर घालावी लागली, तर महिने पुन्हा वाढतात. या काळात तोंडात काय असेल, समोरचा दात असेल तर कामावर कसं जायचं, याचं उत्तर पहिल्याच भेटीत मिळायला हवं. उपचार उत्तम झालेले कित्येक रुग्ण याच महिन्यांमुळे नाराज असतात.

एक गोष्ट विरळ आहे, पण सांगायलाच हवी. खालच्या जबड्यातून एक मज्जातंतू जातो, तो खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देतो. इम्प्लांट त्याच्यावर दाबलं गेलं तर ओठ बधिर राहतो किंवा मुंग्या येतात. अशा माणसाचं इम्प्लांट कितीही घट्ट बसलेलं असो, तो समाधानी राहणं शक्य नाही. स्कॅनमुळे हा धोका बराच टाळता येतो. भूल उतरायची वेळ टळून गेली तरी ओठ बधिरच असेल तर दुसऱ्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. लवकर हालचाल केली तर संवेदना परत येण्याची शक्यता वाढते.

अपेक्षा नावाचा सगळ्यात मोठा घटक

दोन माणसांना सारखंच इम्प्लांट बसलं तरी एक खूश आणि एक नाराज, असं का होतं? पुष्कळदा याचं उत्तर उपचाराआधीच्या बोलण्यात असतं. ‘हा दात आयुष्यभर टिकेल’, ‘याला काही करावं लागत नाही, हा किडत नाही’ अशी वाक्यं जाहिरातींतून आणि ओळखीच्यांकडून कानावर पडतात. इम्प्लांट किडत नाही हे खरं. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजतं. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या सुमारे ४३ टक्के रुग्णांमध्ये हिरडीची सूज आणि सुमारे २२ टक्क्यांमध्ये हाडापर्यंत गेलेला दाह असल्याचा अंदाज निघाला. हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. हिरडीची सूज वेळीच पकडली तर स्वच्छतेनं आटोक्यात येते. हाडापर्यंत गेलेला दाह मात्र हटवणं कठीण, आणि तो बहुधा दुखत नाही. ब्रश करताना रक्त येणं, पू, हिरडी खाली सरकणं एवढ्याच खुणा.

धूम्रपान करणाऱ्यांना, साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहींना आणि हिरडीच्या आजारानं आधीच दात गमावलेल्यांना हा धोका जास्त. या तिसऱ्या गटाचं मला विशेष वाटतं. ज्या आजारानं दात गेले, त्याचा बंदोबस्त न करताच त्या तोंडात इम्प्लांट बसवणं म्हणजे पुढच्या निराशेची तयारी. आधी हिरड्या बऱ्या करायच्या, मग इम्प्लांट. हा क्रम कोणत्याही घाईसाठी मोडू नये. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधं घेणाऱ्यांनी आणि जबड्यावर किरणोपचार झालेल्यांनी ही माहिती डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणहून द्यावी.

खर्चाचंही तसंच. चावणं, दिसणं, आत्मविश्वास या बाबींवर भरभरून गुण देणारे रुग्ण खर्चाच्या प्रश्नावर बऱ्याचदा हात आखडता घेतात. रक्कम मोठी असते हे त्यांना ठाऊक असतं. खटकतो तो नंतर वाढत गेलेला आकडा. हाडाची भर, तात्पुरती कॅप, पुढच्या वर्षांतली सफाई आणि दुरुस्ती हे सगळं धरून एकदाच लेखी सांगितलं, तर तीच रक्कम कमी टोचते.

चिंताळू स्वभावाच्या माणसांत समाधान कमी आढळतं असंही काही अभ्यास सांगतात. हे वाचून रुग्णाला ‘किरकिरा’ ठरवायचा मोह होऊ शकतो, आणि तो मला साफ अमान्य आहे. जो माणूस जास्त काळजी करतो, त्याला जास्त माहिती द्यावी, जास्त वेळ द्यावा, निर्णय घ्यायला पुन्हा बोलवावं. त्याची तक्रार स्वभावाच्या खाती टाकली की अडकणारं अन्न, उंच राहिलेली कॅप किंवा सुरू झालेला दाह नजरेतून सुटतो.

होकार देण्यापूर्वी

तुम्ही या उपचाराच्या उंबऱ्यावर असाल तर आधी स्वतःला विचारा, आत्ता नेमका त्रास कशाचा आहे? चावण्याचा, दिसण्याचा, कवळी सुटण्याचा, की फक्त कोणी तरी ‘जागा रिकामी ठेवू नका’ म्हटलं म्हणून? त्रास जितका नेमका सांगाल तितकं नंतर समाधान पारखता येईल. मागची दाढ नसूनही काही अडत नसेल तर काहीच न करणं हाही पर्याय असू शकतो, आणि तो डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावा. शेजारच्या दातांवर टेकणारा ब्रिज, काढती कवळी, इम्प्लांट या तिन्हींत तुमच्या तोंडात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे शेजारी शेजारी मांडून घ्या.

डॉक्टरांना विचारा की माझ्या बाबतीत सर्वांत संभाव्य तक्रार कोणती असेल. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं मत घ्यावं, कारण शून्य तक्रारीचं इम्प्लांट कुणीच आधी सांगू शकत नाही. अडकलेलं अन्न कशानं काढायचं, दातांच्या फटीतला बारीक ब्रश कोणत्या मापाचा, वर्षातून किती वेळा दाखवायला यायचं, हे बसवण्याआधीच ठरवा. ज्यांच्या हातांना कंप आहे किंवा नजर मंदावली आहे त्यांनी पक्क्या दातांऐवजी काढता येणाऱ्या कवळीचा विचार अवश्य करावा. पुढे सेवा करणाऱ्या व्यक्तीलाही ती स्वच्छ करणं सोपं जातं. उपचाराआधी तोंडाचे फोटो काढून ठेवायला सांगा. आधीचा त्रास आपण चटकन विसरतो आणि नंतरच्या छोट्या उणिवा मोठ्या वाटतात. फोटो समोर असले तर तुलना खरी होते.

आणि उपचार संपल्यावर एक कागद मागून घ्या: इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, कोणत्या प्रकारचं, किती लांबी-रुंदीचं, कोणत्या तारखेला बसवलं, कॅप स्क्रूनं बसवली की सिमेंटनं. प्रत्येक कंपनीचे आतले स्क्रू आणि ते फिरवायची हत्यारं वेगळी असतात. १५ वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे सैल झालेली कॅप घेऊन जाल, तेव्हा हा कागद असेल तर काम एका बैठकीत होऊ शकतं. नसेल तर कोणता स्क्रू आहे ते एक्स-रेवरून ताडण्यातच कित्येक दिवस जातात.